गिरगावची खोली : 85 लाख घ्यावेत की थांबावं?

प्रश्न : गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आमची 180 चौरस फुटांची खोली आहे. इमारत 1940 च्या आधीची, उपकरप्राप्त. सासऱ्यांनी 1964 साली पागडी देऊन घेतली. ते 2011 मध्ये गेले, पण भाडेपावती अजून त्यांच्याच नावावर येते. घरात 78 वर्षांच्या सासूबाई, मिस्टर (काळबादेवीत दुकानात नोकरी), मी आणि बारावीतली मुलगी. इमारत विकत घेतलेला बिल्डर म्हणतो, 85 लाख घ्या आणि खोली सोडा. नाहीतर संमती द्या, महिना 25 हजार भाडं घ्या आणि तीन वर्षांनी इथेच 350 चौरस फुटांचं घर घ्या. डोंबिवलीत 62 लाखांचा फ्लॅट आम्ही पाहून ठेवलाय. धाकटे दीर म्हणतात, पावती दोघांच्या नावे फोडून घ्या, दोन घरं मिळतील. काय करावं?

ताई, आधी माझं मत सांगते, मग कारणं. 85 लाख आत्ता घेऊ नका. आणि संमतीपत्रावरही आत्ता सही करू नका. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

बिल्डर तुमच्या 180 फुटांना 85 लाख का देतो, ते बघा. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी गोठली, त्यामुळे दुरुस्ती मालकाला परवडेना. इमारती खचू लागल्या तेव्हा 1969 च्या कायद्याने भाडेकरूंकडून उपकर घेऊन दुरुस्ती मंडळाने डागडुजी करायची असं ठरलं. तेही पुरेना, म्हणून मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत 33(7) हा नियम आला. त्यात सरकार खिशातून पैसे देत नाही, बांधकामाचा हक्क देतं. जुन्या भाडेकरूंना मालकीचं घर फुकट द्या आणि त्या बदल्यात विकण्यासाठी जादा एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा) घ्या, असा तो सौदा आहे. सध्याच्या, 2034 पर्यंतच्या नियमावलीत किमान 3 एफएसआय, किंवा पुनर्वसनाला लागेल तेवढा अधिक त्यावर 50 टक्के, यातला जो जास्त असेल तो मिळतो. म्हणजे तुमच्यासारखी बिऱ्हाडं इमारतीत आहेत म्हणून बिल्डरला तो हक्क मिळतो.

याच नियमात प्रत्येक निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) द्यावं लागतं. तुमचे 180 फूट पुनर्विकासात कागदावरच 300 होतात. बिल्डर तर 350 म्हणतो. आता भागाकार करा. 85 लाख भागिले 350, म्हणजे 24 हजार रुपये फूट. या भावाने तो तुमच्याकडून गिरगावातलं नवं घर घेतो आहे, कारण तुम्ही खोली सोडली की तुम्हाला द्यायचं घर त्याला द्यावं लागत नाही. मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 पासून गिरगावातून धावते आहे. तिथे नव्या इमारतीत 40 हजारांचा दर धरला, तरी 350 फुटांचे 1 कोटी 40 लाख होतात.

पण 1 कोटी 40 लाखांचा आकडा ऐकून लगेच "थांबू या" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ते पैसे आज मिळणार नाहीत, आणि कधी मिळतील हे बिल्डरच्या तोंडी शब्दावर अवलंबून आहे. 9 टक्के दराने धरलं तर तीन वर्षांनी मिळणाऱ्या 1 कोटी 40 लाखांची आजची किंमत 1 कोटी 8 लाख होते. पाच वर्षं लागली तर 91 लाख. त्यात दोन वर्षांनी भाडं थांबलं आणि पुढची तीन वर्षं ते तुम्हाला भरावं लागलं, तर त्याचे आजच्या हिशेबाने सात लाख वजा करा. उरले 84. म्हणजे पाच वर्षांत घर मिळालं तरी तुम्ही 85 लाखांच्या बरोबरीत येता. सहा-सात वर्षं लागली तर तोटा. त्यामुळे 85 लाख की घर यापेक्षा हा बिल्डर पाच वर्षांच्या आत चावी देईल का, हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

भाडं थांबण्याची गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. माझी मावशी लालबागला राहायची. 2008 मध्ये तिच्या चाळीतल्या सगळ्यांनी खोल्या रिकाम्या केल्या. पुढच्या तारखांचे चेक मिळाले होते, पहिले चौदा वठले, पंधरावा परत आला. परत आलेले चेक बँकेच्या मेमोसकट ती फराळाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मी गेले की डबा उघडून एकेक चेक तारखेनुसार लावून दाखवायची, अगदी काळजीपूर्वक, कुणीतरी हिशेब विचारायला येणार असल्यासारखी. चाळ पाडून झाली होती आणि जागेवर जोत्यापलीकडे काही उभं नव्हतं. तिने खोली सोडली तेव्हा तिच्या हातात नोंदवलेला करार नव्हता, होतं ते साध्या स्टॅम्प पेपरवरचं संमतीपत्र. मावशी नव्या घरात गेलीच नाही. म्हणून सह्यांच्या बाबतीत मी इतकी हट्टी आहे.

संमती मागायला येतील तेव्हा "51 टक्के झालेत, तुम्ही एकट्याच राहिल्यात" असं ऐकवतील. 51 टक्क्यांची अट खरी आहे, पूर्वी 70 होती. तरी 49 टक्क्यांत राहिल्याने तुमचा पुनर्वसनाचा हक्क जात नाही. सही करण्याआधी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि महापालिकेची आयओडी (बांधकामाची अटींसह मिळणारी पहिली मंजुरी) मागा, प्रत घ्या. खोली रिकामी करण्याआधी पर्यायी कायमस्वरूपी जागेचा करार उपनिबंधकाकडे नोंदवलेला हवा. त्यात तुमच्या घराचं चटई क्षेत्र (350, केवळ "नियमानुसार" नको), शक्य असल्यास मजला, आणि चावीची तारीख हवी. किमान दोन वर्षांचं भाडं आगाऊ बँकेत, त्यापुढचं बँक गॅरंटीवर. बिल्डर याला नाही म्हणाला, तर त्याच्याकडे पाच वर्षांत इमारत उभी करायचे पैसे नाहीत, असं खुशाल समजा. महारेराच्या (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या) संकेतस्थळावर त्याचे जुने प्रकल्प बघा, ताबा देण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली तेही तिथे दिसतं. मात्र महारेराचं संरक्षण प्रामुख्याने विक्रीचे फ्लॅट घेणाऱ्यांना आहे, भाडेकरूची ढाल म्हणजे त्याचा नोंदवलेला करार. इमारतीला म्हाडाची 79-अ ची नोटीस (धोकादायक इमारतीचा पुनर्विकास करा, असं मालकाला सांगणारी) आली असं कुणी सांगितलं, तर त्या नोटिसांवरून कोर्टकज्जे झालेले आहेत. नोटीस आली म्हणजे घर आलं नाही.

आता 85 लाखांचा प्रामाणिक हिशेब, कारण काही घरांसाठी तोच बरोबर असतो. भाडेहक्क ही भांडवली मालमत्ता आहे. सासऱ्यांनी दिलेल्या पागडीचा कागद तुमच्याकडे नसणार. त्या काळी पागडी घेणं गुन्हाच होता, 1999 च्या कायद्याने ती मान्य केली. त्यामुळे खरेदी किंमत शून्य धरावी लागेल, आणि भाडेहक्काला 1 एप्रिल 2001 च्या बाजारभावाची सवलतही नाही. पूर्ण 85 लाख नफा, त्यावर 12.5 टक्के दीर्घकालीन कर. डोंबिवलीचा फ्लॅट मुद्रांक, नोंदणी आणि बाकी खर्चासह 67 लाखांना पडला, तर जुन्या आयकर कायद्याच्या कलम 54एफ नुसार तेवढ्यावर सूट. उरलेल्या 18 लाखांवर आयकरावरच्या 4 टक्के उपकरासह 2 लाख 34 हजार कर. (1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाल्याने कलमांचे आकडे बदललेत, सीएकडे जाताना हे लक्षात असू द्या.) नफा वाचवायला लोक 54ईसीचे रोखे सुचवतात. ते फक्त जमीन आणि इमारतीच्या नफ्यासाठी आहेत, भाडेहक्कासाठी त्यांच्या भरवशावर राहू नका. नवा फ्लॅट तीन वर्षं विकता येणार नाही. आणि एक रुपयाही रोख नको, सगळं बँकेतून.

हातात साडेपंधरा लाख उरतात. मुलीच्या पदवीला ते पुरतील, मला मान्य आहे. पण मिस्टरांना रोज डोंबिवली ते काळबादेवी जावं-यावं लागेल, सोसायटीचं देखभाल शुल्क सुरू होईल आणि गिरगावात परत यायचा रस्ता बंद होईल. मुलीच्या शिक्षणासाठी शैक्षणिक कर्ज मिळतं, गिरगावात पुन्हा घर घ्यायला तुमच्या उत्पन्नावर कुठलीही बँक कर्ज देणार नाही. म्हणून माझं पारडं थांबण्याकडे झुकतं.

एका परिस्थितीत मी उलट सांगेन. इमारतीची संरचनात्मक तपासणी झाली असेल आणि ती धोकादायक ठरली असेल, तर हिशेब बाजूला ठेवा आणि बाहेर पडा. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत 31 ऑगस्ट 2017 ला कोसळली, 33 माणसं गेली. तिचा पुनर्विकासही ठरलेला होता. तुमच्या जिन्याचे टेकू, तुळयांना आलेली वाळवी, संडासाच्या बाजूची भिजलेली भिंत हे सगळं या पावसाळ्याआधी एखाद्या स्वतंत्र इंजिनिअरला दाखवा. बिल्डरने आणलेला इंजिनिअर चालणार नाही.

दिरांच्या सूचनेबद्दल. पावती फोडून दोन घरं मिळत नाहीत. 13 जून 1996 नंतर तयार झालेला नवा भाडेहक्क पुनर्वसनात मोजत नाहीत. त्यामुळे तो प्रयत्न करून स्वतःचाच अर्ज संशयात टाकू नका. पण त्यांच्या मनात जे आहे ते समजून घ्या. त्यांना वाटतं, वडिलांच्या खोलीत आपलाही वाटा आहे. भाडे कायद्याच्या कलम 7(15) नुसार निवासी भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. 2011 मध्ये खोलीत सासूबाई आणि तुम्ही दोघं राहत होतात, दीर तेव्हा दुसरीकडे राहत असतील तर कायदा तुमच्या बाजूला झुकतो. तरी भाऊ-बहिणींचा आक्षेप आला तर म्हाडाकडे फाइल अडते, आणि या सगळ्यात वर्षं जातात, जी तुम्हाला परवडणारी नाहीत.

म्हणून या महिन्यात बिल्डरशी न बोलता आधी पावती नावावर करून घ्या. सासऱ्यांचा मृत्यूदाखला, तेव्हाचं रेशनकार्ड, 2011 च्या आसपासची वीजबिलं आणि मतदारयादीतल्या नोंदी गोळा करा. सासूबाई आणि मिस्टर यांच्या संयुक्त नावे पावती मागणारा अर्ज मालकाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. दीर आणि नणंद यांचं ना-हरकत शपथपत्र नोटरीसमोर करून घ्या. दिरांना काही द्यायचं ठरलं तर ते आताच ठरवा आणि लिहा, उदाहरणार्थ पुढे घर विकलं तर किती टक्के. सासूबाई बोलायला बसल्या तर हे सोपं जाईल, त्यांचा शब्द दोघेही मुलगे मानतात असं तुमच्या पत्रावरून वाटलं.

आणि भाड्याच्या घराचा विषय निघेल तेव्हा, त्या तीन-पाच वर्षांत 78 ते 83 वयाच्या बाईंना कुठे राहायचंय, हे त्यांनाच विचारा. 25 हजारांत गिरगावात लिफ्ट असलेलं घर मिळणं कठीण आहे. करार करताना भाड्याचा आकडा 35 हजारांपर्यंत वाढवून मागा, आणि तो का हवाय हे बिल्डरला स्पष्ट सांगा.