कॅव्हेलियर घरी आणलेल्यांसाठी

आपले कॅव्हेलियर (किंग चार्ल्स स्पॅनियल या कुत्र्यांच्या जातीचे) पिल्लू मानेजवळ सारखे खाजवत असेल आणि त्याकडे आपले लक्ष गेले असेल, तर उत्तम झाले. या जातीत सिरिंगोमायेलिया हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. कवटीची मागची बाजू मेंदूला अपुरी पडल्याने मेंदू-मज्जाद्रवाचा (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा) प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. सुरुवातीची नेहमीची चूक म्हणजे ही खाज कानाची किंवा त्वचेची समजून महिनोन्‌महिने औषधे बदलत राहणे (मीही तेच केले होते). चालताना किंवा उत्साहाच्या भरात, पाय त्वचेला न लागता हवेतच एका बाजूला खाजवणे आणि उचलताना अचानक किंचाळणे, ही लक्षणे दिसल्यास त्यांचे चित्रण करून पशुवैद्यकाला दाखवावे, कारण तपासणीच्या टेबलावर ती बहुधा दिसत नाहीत.

तूर्त एवढेच सांभाळा:

- गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा.
- माणसांची वेदनाशामके मुळीच देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक ठरते.
- निदान पक्के होईपर्यंत प्रजननाचा विचार नको.

खात्रीचे निदान एमआरआयनेच होते. शस्त्रक्रियेची चर्चा त्यानंतर. गॅबापेंटिनसारख्या औषधांनी अनेक कुत्र्यांच्या वेदना आटोक्यात राहतात.