घरचं विचारा : शाळा तोंडावर आली आणि घर अजून मे महिन्यातच आहे

मे संपत आला की या सदराची पत्रं एकदम पलटी मारतात. एप्रिलभर कुरडया का फुलत नाहीत विचारणारी मंडळी आता घर कसं आवरू विचारायला लागतात. यावेळी ठाणे आणि नवी मुंबईतूनच इतकी पत्रं आलीत की बाकीच्या गावांना पुढच्या अंकात घेते, राग मानू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. कोपरखैरणेला आमचा वन बीएचके आहे, आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं, मोठी सातवीत जाईल, धाकटा तिसरीत. कालपरवाच गावाहून आलोय आणि घरात पाय ठेवायला जागा नाही. तांदळाची पोती, मसाल्याच्या बरण्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, न उघडलेल्या बॅगा, त्यात गेल्या वर्षीच्या वह्या तशाच पडल्यात. शाळा जूनच्या मध्याला सुरू. ऑनलाइन सेलमध्ये ते कप्पेवाले ऑर्गनायझर स्वस्त मिळतायत, मागवू का? आणि सुरुवात कुठून करू, सासूबाई काहीच टाकू देत नाहीत.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : अगं आधी ते कार्ट रिकामं कर. ऑर्गनायझर घेतल्याने पसारा कमी होत नाही, तो नुसता झाकला जातो, आणि वन बीएचकेमध्ये प्रत्येक नवीन डबा हासुद्धा एक पसाराच असतो. सगळं आवरून झाल्यावर कुठल्या कप्प्यात काय मावत नाही ते कळेल, तेव्हा टेपने कप्पा मोजून घे काय घ्यायचं ते. बरेचदा मिठाईचे रिकामे डबे आणि बुटांचे खोके एवढ्यावरच भागतं.

आता सुरुवात कुठून. अख्खं घर आवरायला काढूच नकोस, ते दिवाळीचं काम. जूनमध्ये फक्त सकाळचा तास आवरायचा. चहाचा कप घेऊन शांत बस आणि मुलं उठल्यापासून दाराबाहेर पडेपर्यंत कशाकशाला हात लावतात ते डोळ्यासमोर आण. ब्रश, टॉवेल, युनिफॉर्म, मोजे, कंगवा, डबा, बाटली, दप्तर, बूट, रेनकोट. एवढ्याच वस्तूंच्या जागा पहिल्या आठवड्यात लावायच्या, बाकी माळा आणि बॉक्सचा पलंग राहिला तरी शाळा सुरू होते, कोणाचं काही अडत नाही.

पण त्याच्या आधी एक गोष्ट आजच कर, आंब्याच्या पेट्या आणि पुठ्ठ्याचे खोके बाहेर काढ. पुठ्ठ्याच्या त्या नळ्यानळ्यांच्या थरात झुरळं लपतात आणि अंडीही तिथेच घालतात, पावसात पुठ्ठा ओला झाला की मग विचारूच नकोस. एक पेटी "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलीस की तिच्या मागून दोन येतात. तांदूळ पोत्यातून काढून कोठीत भर, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाल, आणि कोठी भिंतीला चिकटवून न ठेवता पाटावर ठेव. मुलांच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात धान्य नको, किडे तिथून वह्यांपर्यंत येतात आणि मुलगी रात्रभर किंचाळते.

साफसफाई वरून खाली. आधी पंखे, मग कपाटांची डोकी, मग फरशी, नाहीतर पुसलेल्या फरशीवर परत धूळ. पंख्यासाठी जुना उशीचा अभ्रा घे, मेन स्विच बंद करून एकेक पातं अभ्र्यात सरकव आणि दोन्ही हातांनी दाबून ओढ, सगळी जाडजूड काळी धूळ आतच राहते, पलंगावर पडत नाही. माळ्यावर जाशील तेव्हा एकाच फेरीत गोधड्या वर आणि रेनकोट, छत्र्या, गमबूट खाली. रेनकोट आत्ताच उघडून बघ, गेल्या वर्षी घडी घालून ठेवलेल्यांची शिवण चिकटते नाहीतर सुटते, आणि हे पहिल्या पावसात स्टॉपवर उभं राहून कळण्यात काही मजा नाही.

दप्तराचं असं की आपण ठरवतो ती जागा मुलं पाळत नाहीत. धाकटा दप्तर सोफ्यावर टाकतो ना? मग सोफ्याशेजारीच भिंतीला दणकट हूक ठोक, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, आपल्या नाही. बेडरूमच्या कपाटात त्याच्यासाठी छान कप्पा केलास तरी तो तिथपर्यंत जाणार नाही, तिसरीतला मुलगा आहे तो. आणि सातवीतल्या मुलीला एक बंद कप्पा दे, छोटा चालेल, पण त्यात सासूबाईंनीही हात घालायचा नाही, तूही नाही. अख्ख्या घरात तिची म्हणून एवढीच जागा असते आणि ती नीट ठेवते की नाही हे बघायला जायचं नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना काम दे. बोहारीण येते का तुमच्याकडे? येत असेल तर जुन्या कपड्यांचं गाठोडं त्यांच्याच पुढ्यात ठेव आणि भाव त्यांनाच करू दे. तू टाकलेली साडी त्यांना टोचते, पण चार साड्यांत एक स्टीलचा डबा पदरात पाडून घेतला की तीच साडी जाते आणि वर आठवडाभर त्या डब्याचं कौतुक.

प्रश्न : नेरुळला जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, वरचा मजला. गेल्या पावसाळ्यात कपाटातल्या युनिफॉर्मला, बुटांना, एका दप्तराला पण बुरशी आली. भिंतीला ओल आहे. यावर्षी रंग मारून घ्यावा का शाळेच्या आधी? डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या, उपयोग झाला नाही.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : रंग मारू नका, पैसे भिंतीत जातील. ओल बाहेरून येतेय तोवर आतून कितीही चांगला रंग लावा, गणपतीपर्यंत त्याचे पापुद्रे निघतात. गळतं कुठून ते आधी बघायला हवं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या भिंतीची चीर, नाहीतर पाइपचा जॉइंट, आणि हे सोसायटीचं काम आहे तर लेखी अर्ज द्या, कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून काही होत नाही, फक्त अंगठे येतात.

तोवर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. हेच सगळ्यात जास्त कामी येतं आणि याला पैसे लागत नाहीत. थंड ओली भिंत आणि कपाटाची पाठ यांच्यात हवा खेळली नाही की बुरशी आधी तिथे धरते आणि मग आत येते. बाहेरच्या भिंतीला कपाट असेल तर आतल्या भिंतीला हलवता येतं का बघा. युनिफॉर्म इस्त्री करून गरम गरम आत ठेवू नका, त्यातली वाफ आतच राहते, अर्धा तास बाहेर हँगरला राहू दे.

डांबराच्या गोळ्या कसरीसाठी, ओलीसाठी नाहीत. आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्या ठेवूच नका, काही बाळांच्या रक्तात जन्मापासून जी सिक्स पी डी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना या गोळ्यांमुळे रक्तपेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. ओल शोषायला दुकानात डबे मिळतात, वर पांढरे खडे आणि खाली पाणी साठायला जागा, ते कपाटात ठेवा पण खालच्या कप्प्यात, आणि मुलांचा हात पोचणार नाही असे, ते साठलेलं पाणी साधं पाणी नसतं, बुटांवर सांडलं तर चामडं जातं. बुटांच्या बॉक्समधल्या सिलिका जेलच्या बारक्या पुड्या पेन्सिलींच्या डब्यात ठेवायला ठीक, अख्ख्या कपाटाला नाही पुरत.

आधीच बुरशी धरलेल्या वस्तू कोरड्या ब्रशने घरात झाडू नका, सगळीकडे उडते. नाकाला फडकं बांधून, ओल्या कपड्याने पुसून, मग कडक उन्हात. ऊन मिळतंय तोवर करा हे. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो असं धरतात पण २०२५ साली तो २६ मेलाच आला आणि कित्येकांची गाद्या उन्हात घालायची राहूनच गेली. भिंत पुसायला ब्लीच वापरणार असाल तर त्यात टॉयलेटचं ॲसिड, व्हिनेगर काही म्हणजे काही मिसळायचं नाही, क्लोरीनचा विषारी वायू होतो. "जरा जास्त स्वच्छ निघेल" म्हणून दोन बाटल्या एकत्र ओतणारे लोक आपल्यातच आहेत म्हणून परत परत लिहिते.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. मिसेस साडेसहाला निघते, मी हायब्रिड. मुलगा पाचवीत, ट्रॅफिकमुळे बस पावणेसातलाच येते. रोज सकाळी एक मोजा, आयडी कार्ड किंवा ड्रॉइंगची वही सापडत नाही, आणि मी ऑफिसमध्ये गेलेल्या बायकोला फोन करून विचारतो. भांडणं होतात. काही चार्ट वगैरे बनवू का?
— एक बाबा, ठाणे

उत्तर : चार्ट बनवा हवा तर, पण तुम्हाला तो वाचायला सकाळी वेळ मिळणार नाही. खरं म्हणजे वस्तू कुठे आहेत हे घरात एकालाच माहीत आहे आणि ती लोकलमध्ये उभी आहे. तेव्हा यंदा कपाट तुम्ही लावा. त्यांनी लावलेलं तुम्ही बघून घ्यायचं नाही, तुम्हीच लावायचं, म्हणजे फोन करायची वेळच येणार नाही, उलट त्याच तुम्हाला विचारतील.

मोजे सगळे एकाच रंगाचे, एकाच कंपनीचे घ्या, मग जोडी शोधावी लागत नाही, कुठलेही दोन उचलायचे. आयडी कार्ड घरात आल्या आल्या दप्तराच्याच चेनला अडकवायचं. दप्तर रात्री जेवणाआधी भरायचं, जेवणानंतर कोणी भरत नाही, सगळे फोन घेऊन बसतात. उद्याचा युनिफॉर्म मोज्यांसकट एका हँगरला. पावसात दुसरा जोड वाळतच नाही हे लक्षात ठेवून तीन जोड घ्या, छताच्या पुलीच्या स्टँडवर पंख्याखाली रात्रभर टाकले तरी जाड कापड सकाळी दमटच लागतं. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि झोपताना एकदा बदलायचे.

आणि दप्तर भरताना एकदा वजन करा, गावाला जाताना बॅग मोजायचा काटा असतो ना तोच लावा. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात आहे, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. आता लिटरची भरलेली बाटलीच एक किलोची होते, वर स्टीलची असेल तर विचारा. शाळेत पाणी चांगलं येत असेल तर अर्धी भरून द्या.

प्रश्न : नौपाड्यात राहतो, वय ७४. नातीची पहिलीपासूनची सगळी पुस्तकं, वह्या, प्रोजेक्ट मी जपून ठेवलेत. सूनबाई म्हणते रद्दीत द्या. मन होत नाही.
— एक आजोबा

उत्तर : काका, सूनबाईंचं थोडं ऐका, थोडं नका ऐकू. पुस्तकं ठेवून उपयोग नाही, राज्य बोर्डाची पहिलीची पुस्तकं २०२५ मध्ये बदलली आणि पुढच्या इयत्तांची टप्प्याटप्प्याने बदलतायत, त्यामुळे बिल्डिंगमध्ये खालच्या वर्गातलं कोणी असेल तर शाळेची यादी बघून यंदाच देऊन टाका, दोन वर्षांनी ती कोणी घेणार नाही. वह्यांतली कोरी पानं मात्र काढा. दुपारी तुम्ही आणि नात बसून ती पानं एकसारखी कापा, दाभणाने मधोमध भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा, वरून जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, झाली गणिताची रफ वही. तिला त्याचं कव्हर स्वतः रंगवू द्या.

प्रोजेक्टमधलं थर्माकोल आणि चमकी जाऊ दे, ते तिचं नाहीच, अर्धं स्टेशनरीवाल्याचं आणि अर्धं तिच्या आईचं. पहिलं स्वतःच्या हाताने लिहिलेलं पान, एखादा निबंध, वेडंवाकडं चित्र असं दर वर्षाचं थोडंसं एका फाईलमध्ये. फाईल जाडी झाली की नातीला निवडायला सांगा, ती तुमच्यापेक्षा निर्दयपणे टाकते.

प्रश्न : ऐरोली. सोसायटीवाले जिन्यातलं शूज रॅक काढायला सांगतायत, आत जागा नाही. आणि पावसात चार जणांच्या ओल्या छत्र्या कुठे ठेवायच्या?

उत्तर : काढा ते रॅक, सोसायटी बरोबर आहे, आग लागली तर लोक अंधारात त्याच जिन्यातून उतरणार. दाराच्या मागे लटकवायचं कापडी कप्प्यांचं येतं त्यात चपला घाला, शाळेचे बूट तेवढे खाली मोकळे. छत्र्या बाथरूममध्ये नळाला. बादलीत उभ्या करून ठेवू नका, तळाला पाणी साठतं, आणि तेच फ्रीजच्या मागच्या ट्रेचं आणि कुंडीखालच्या ताटलीचं. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक वार धरून ती सगळी रिकामी करून घासायची, नुसतं पाणी ओतून उपयोग नाही कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. रविवार नको, रविवारी कोणी करत नाही. गुरुवार ठेवा.