सतत खोटे बोलणाऱ्या व्यक्तीला ‘मिथोमॅनियाक’ का म्हणतात? हा शब्द आला कुठून?

‘मिथोमॅनिया’ हा शब्द ग्रीक घटकांपासून बनलेला असला, तरी तो घडला फ्रान्समध्ये. एर्नेस्ट द्युप्रे या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १९०५ मध्ये तो रूढ केला आणि त्यावरूनच असा विकार असलेल्या व्यक्तीला ‘मिथोमॅनियाक’ म्हटले जाऊ लागले. ग्रीकमध्ये ‘मुथोस’ म्हणजे कथा आणि ‘मानिया’ म्हणजे वेड. खोटेपणा दाखवणारा एकही घटक या शब्दात नाही, आणि मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण द्युप्रेचे लक्ष कल्पित गोष्टी रचण्याच्या अनावर ओढीकडे होते. लहान मुलांमधील अशी ओढ त्याने वाढीचाच एक भाग मानली होती.

त्याच्या आधी, १८९१ मध्ये, आंटोन डेलब्र्युक या डॉक्टरांनी काही रुग्णांचा तपशीलवार अभ्यास करून ‘स्यूडोलॉजिया फँटास्टिका’ ही संज्ञा मांडली होती. तिच्यात मात्र ‘स्यूडोस’, म्हणजे असत्य, हा घटक स्पष्टपणे आहे. या रुग्णांच्या बोलण्यात जाणूनबुजून सांगितलेले खोटे आणि स्वतःलाच खरा वाटू लागलेला भ्रम इतके मिसळलेले असतात की, दोहोंमधील सीमारेषा आखणे अवघड होते, असे त्यांचे निरीक्षण होते.

आपल्याकडील ‘थापाड्या’ हा मिथोमॅनियाक नव्हे. लोणकढी थाप ठोकणाऱ्याला ती थाप आहे हे पक्के ठाऊक असते आणि बहुधा ऐकणाऱ्यालाही. पैशासाठी फसवणारा भामटाही या शब्दात बसत नाही, कारण त्याच्या खोट्यामागचा लाभ उघड दिसतो. मिथोमॅनियात असा बाह्य लाभ सहसा सापडत नाही किंवा सापडला तरी रचलेल्या कथेच्या पसाऱ्यापुढे तो अगदी क्षुल्लक असतो. कथा वर्षानुवर्षे वाढत जाते आणि सांगणारा तिच्यात बहुधा नायक किंवा अन्यायग्रस्त असतो. पुरावा समोर ठेवल्यावर तो अनिच्छेने का होईना माघार घेऊ शकतो, म्हणून याला निव्वळ भ्रमही म्हणता येत नाही. दीर्घकाळच्या मद्यपानामुळे ‘ब-१’ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता होऊन स्मृती खालावलेले काही रुग्ण नकळत खोट्या आठवणी सांगतात, तो प्रकारही वेगळा आहे.

राजकीय विरोधकाला किंवा न आवडणाऱ्या नातेवाइकाला हे विशेषण सर्रास चिकटवले जाते, ते मला अयोग्य वाटते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत तर मिथोमॅनिया हे स्वतंत्र निदान नाहीच. सतत खोटे बोलणे हे तेथे समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकारासारख्या विकाराचे एक लक्षण म्हणून येते.