सहाव्यांदा हात वर केल्यानंतर

कोल्हापुरात समुपदेशनाचे काम करताना ख्रिस्ती कुटुंबांतून येणारा एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की समोरची व्यक्ती खुर्चीत कशी बसते यावरूनच तो येणार हे मला कळू लागले आहे. "ख्रिस्ताला मी माझ्या जीवनाचा राजा म्हणून स्वीकारले, पण माझ्या रोजच्या दिवसात त्याचे राज्य कुठेच दिसत नाही, मग माझा स्वीकारच खोटा होता का?" विचारणारे बहुधा तिशी-चाळिशीतले, नोकरी करणारे आणि रविवारची उपासना सहसा न चुकवणारे असतात. त्यांपैकी एका गृहस्थांची हकिगत त्यांच्या परवानगीने येथे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून नोकरीचे आणि घराचे काही तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात काम करतात. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांच्या कामातून येथे जी मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, उभी राहिली, तिच्यात यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा झालेला. म्हणजे ख्रिस्त यांच्याकडे आडनावाबरोबरच आलेला होता, आणि कदाचित म्हणूनच तो आपण स्वतः स्वीकारला आहे की नाही ही शंका त्यांना अधिक छळत असावी. गेल्या तीन वर्षांत ज्या ज्या उज्जीवन सभेत "आज ज्याला आपले जीवन प्रभूच्या हाती द्यायचे आहे त्याने हात वर करावा" असे आवाहन झाले, त्या प्रत्येक सभेत यांचा हात वर गेला होता. त्यांनी मोजले होते, सहा वेळा.

"ताई, प्रत्येक वेळी वाटतं की आता खरं झालं," ते म्हणाले. "सोमवारी पहिली पाळी सुरू झाली की बघतो, तर काहीच बदललेलं नसतं. मग रात्री तीनला जाग येते आणि पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना करत बसतो."

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली, ती नोंदवून ठेवते. मी त्यांना लगेच धीर देणारी दोन वचने काढून दाखवली. त्यांनी अदबीने मान डोलावली, आणि ते निघून गेल्यावर माझ्या लक्षात आले की संडे स्कूलमध्ये वाढलेला माणूस वचन ऐकल्यावर अशीच मान डोलावतो. त्यात समाधान असतेच असे नाही. ती वचने त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

दुसऱ्या भेटीत मी वचनांऐवजी झोपेविषयी विचारले, आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. पुन्हा पुन्हा पापकबुली, पुन्हा पुन्हा समर्पण, तरीही शंका कायम, हे काही भाविकांच्या बाबतीत मंत्रचळाचेच, म्हणजे ओसीडी या मानसिक आजाराचेच, एक रूप असते. तेथे अध्यात्मिक उपदेश वाढवला की आजारही वाढतो, कारण प्रत्येक नवी खात्री पुढच्या शंकेला खाद्य पुरवते. यांच्या बाबतीत डॉक्टरांना तसे आढळले नाही. चिंता होती, तिच्यावर काही महिने औषध चालले आणि झोप सुधारली. ही पायरी गाळू नये असे माझे ठाम मत आहे. पाळकांनी मला क्षमा करावी, पण सभेत वर गेलेले हात मोजून झाल्यावर त्यांतले किती हात मागच्याही वर्षी वर गेले होते, हेही कोणीतरी पाहायला हवे.

झोप परत आल्यावरही प्रश्न मात्र शिल्लक राहिला. तिसऱ्या भेटीत त्यांनी तो ज्या शब्दांत मांडला, ते मी तसेच वहीत उतरवून घेतले. "कारखान्यात मला कोणी त्रास देत नाही, ताई. छळ झाला असता तर एका परीनं बरं झालं असतं; निदान मी कोणाचा आहे हे मला तरी कळलं असतं."

धर्मनिरपेक्ष युगातील श्रद्धेची अडचण इतक्या नेमकेपणाने मांडलेली मी क्वचितच ऐकली आहे. आपण ती अडचण सहसा कायद्यात किंवा टवाळीत शोधतो. कायद्याची बाजू पाहिली तर 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत, दिलेले आहे. राज्याला स्वतःचा धर्म नसणे ही यांच्यासारख्या अल्पसंख्याक माणसाला अडचण तर नाहीच, उलट आधार आहे. टवाळीचे म्हणाल तर तीही फारशी नव्हती. जाच होता तो वेगळाच: पहिल्या पाळीपासून घराच्या हप्त्यापर्यंतचा सगळा दिवस ख्रिस्ताची आठवणही न होता सुरळीत पार पडत होता.

मी त्यांना विचारले की तुमच्या हिंदू सहकाऱ्यांचे काय. ते थोडे हसले. भट्टीजवळ अंबाबाईचा फोटो आहे, खंडेनवमीला यंत्रांना हार पडतात, चैत्रात निम्मी पाळी जोतिबाला गेलेली असते आणि परतणारा प्रत्येक जण गुलालाने माखलेला असतो. "पण लॉट पाठवायचा की थांबवायचा, हे ठरवताना तिथं कोणीच कोणत्या देवाला विचारत नाही," ते म्हणाले आणि स्वतःच गप्प झाले. या युगात देवांची गर्दी कमी झालेली नाही, त्यांचा अधिकार तेवढा बिनबोभाट काढून घेतला गेला आहे, आणि त्याबाबतीत ते आणि भट्टीवरचा फिटर एकाच नावेत आहेत हे त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवले असावे.

'राजा' या शब्दाचेही त्यांना ओझे वाटत होते. पुरोगामी चळवळीतला एक मित्र त्यांना गमतीने विचारी की संस्थान १९४९ साली विलीन झाले, तुम्ही अजून राजा कसला शोधता. मी त्यांना सांगितले की ख्रिस्त राजाचा सण ही काही सरंजामी काळातली आठवण नाही. रशियाचा झार १९१७ मध्ये, जर्मनी आणि ऑस्ट्रियाचे सम्राट १९१८ मध्ये आणि तुर्कस्तानचा सुलतान १९२२ मध्ये सिंहासनावरून गेल्यानंतर, आणि इटलीत मुसोलिनी सत्तेवर आलेला असताना, अकरावे पायस या पोपनी ११ डिसेंबर १९२५ रोजी तो सुरू केला. राजे पडत होते आणि त्यांच्या रिकाम्या जागी माणसाचे मनही आपल्याच मालकीचे आहे असे म्हणणाऱ्या सत्ता बसू लागल्या होत्या. आज तो सण आगमनकाळापूर्वीच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांपूर्वीच्या, शेवटच्या रविवारी येतो आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्याही तो पाळतात.

तरीही माझ्या या इतिहासापेक्षा त्यांना उपयोगी पडली ती त्यांचीच एक आठवण. ६ मे २०२२ रोजी, राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे झाली तेव्हा, सारे कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले होते, आणि हेही रस्त्यात स्कूटर थांबवून उभे होते. "त्या दिवशी राजा या शब्दाची भीती वाटली नव्हती," ते म्हणाले. कोल्हापुरात ती वाटत नाहीच. येथे राजा म्हटले की १९०२ साली मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखणारा, आणि दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा पिणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. महाराजांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारलेली नव्हती आणि त्यांना आपल्या दाखल्यात कोंबण्याचा मला अधिकार नाही. पण त्या चहाकडे पाहिले तर एक गोष्ट कळते. महाराजांनी तेथे चहा प्यायल्यानंतर बरोबरच्या दरबारी मंडळींना तटस्थ राहण्याची सोय उरली नव्हती. राजाने जेथे पाऊल ठेवले तेथे आपण पाऊल ठेवायचे की नाही, हे प्रत्येकाला ठरवावे लागले.

त्यावर मी त्यांना विचारले, "तुमच्या दिवसात असं कोणतं काम आहे, की जे करताना प्रार्थना करावीशी वाटत नाही?"

बराच वेळ गेला. बाहेर कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा हॉर्न वाजत राहिला. मग ते म्हणाले, "सही."

ग्राहक कंपनीशी झालेल्या करारानुसार प्रत्येक लॉटमधले वीस नग कडकपणासाठी तपासायचे होते. प्रत्यक्षात वेळ आणि माणसे पाहून पाचच तपासले जात, उरलेल्या पंधरांचे आकडे मर्यादेत बसतील असे हे गृहस्थ भरत आणि खाली सही करत. "आकडे अगदीच मनाचे नसतात, ताई. भट्टी तीच, धातू तोच. पाचाच्या अवतीभवतीचेच असतात." हे सांगताना त्यांच्या आवाजात जो खुलासा होता, तो मला उद्देशून नव्हता.

येशूची चौकशी करणारा रोमी सुभेदार पिलात, त्याच्यासमोरचे "माझे राज्य ह्या जगाचे नाही" हे वाक्य त्यांनी स्वतःहून काढले. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील ३६ वे वचन. त्याचा अर्थ ते आजवर असा घेत आले होते की ख्रिस्ताचे राज्य अंतःकरणात आणि परलोकात, फाउंड्रीशी त्याचा संबंध नाही. हा अर्थ फार लोकप्रिय आहे आणि धर्मनिरपेक्ष युगाला तो सोयीचाही आहे. पण त्या वचनात ख्रिस्त सांगतो ते आपले राज्य कोठून येते याविषयी: ते या जगाचे असते तर माझ्या सेवकांनी लढाई केली असती. मी त्यांना पुढचे वचन वाचायला सांगितले. तू राजा आहेस काय, या प्रश्नाच्या उत्तरात ख्रिस्त सैन्याचे किंवा सीमांचे नाव काढत नाही. सत्याविषयी साक्ष देण्यासाठी आपण जन्मलो, असे सांगतो.

ते थांबले. "म्हणजे माझं टेस्ट सर्टिफिकेटपण साक्षच झाली की."

मी काही बोलले नाही. समुपदेशकाला असे क्षण क्वचित मिळतात, आणि मिळाले की त्यावर प्रवचन देण्याचा मोह आवरावा लागतो.

चौथ्या भेटीला मी त्यांच्या पत्नीला बोलावले. या बाईंचे माहेर पन्हाळा तालुक्यातले, हिंदू. लग्नानंतर दोन वर्षांनी, कोणी न सांगता, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला होता. मागच्या सभेनंतर नवऱ्याने घरात जाहीर केले होते की आता या घरात ख्रिस्त राजा आहे, आणि त्या जोरावर टीव्ही बंद झाला, गौरीला माहेरी जाणे बंद झाले, सासूबाईंच्या हातचा डबासुद्धा परत गेला. मी त्यांना काही विचारण्याआधीच त्या शांतपणे म्हणाल्या, "राजा ख्रिस्त आहे म्हणतात, पण हुकूम सगळे ह्यांचेच चालतात."

नवरा लाल झाला. मला मात्र त्या वाक्यात सगळ्या प्रकरणाची दुसरी बाजू दिसली. जेथे ख्रिस्ताचा अधिकार मानणे महाग पडणार होते त्या जागी, म्हणजे सहीपाशी, त्यांनी तो कधी आणलाच नव्हता. आणि जेथे तो दुसऱ्याच्या खर्चाने लागू करता येत होता तेथे तो मोठ्या उत्साहाने लागू केला होता. असे करणारे हे एकटेच नाहीत. लोक आपल्याला बळजबरीने राजा करणार हे ओळखून ख्रिस्त डोंगरावर निघून गेला, अशी नोंद योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे. ज्याने जबरदस्तीने मिळणारे राज्य स्वतःसाठी नाकारले, त्याच्या नावाने बायकोवर जबरदस्ती कशी करता येईल, एवढेच मी विचारले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा ठेवली होती. मराठी माणसाला दरबार म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तेथे आलेल्याला दारावरून परत लावायचे की नाही हे राजाने ठरवायचे असते, चोपदाराने नव्हे.

माहेरी जाण्याचा निर्णय त्या बाईंवर सोपवावा असे ठरले. काय खायचे, कशापुढे हात जोडायचे आणि कशापुढे नाही, हे त्यांची सदसद्विवेकबुद्धी ठरवेल. पौलाने करिंथकरांना लिहिताना विश्वास न ठेवणाऱ्याच्या घरच्या जेवणाविषयी सांगितलेलेही ह्यापेक्षा फार कडक नाही. त्या पुढच्या गौरीला गेल्या, आईला भेटल्या, पूजेला बसल्या नाहीत. आईने विचारले नाही आणि त्यांनी स्पष्टीकरण दिले नाही. डबा मात्र भरून आला.

सहीचे प्रकरण इतके सहज सुटले नाही. नोकरी सोडतो असे ते एकदा तावातावाने म्हणाले, आणि मी त्यांना थांबवले, कारण राजीनाम्यातही सातव्यांदा हात वर करण्याचीच हौस मला दिसली: एका मोठ्या कृतीने सगळे एकदम मिटवून टाकण्याची. घरात दोन मुले होती, हप्ता होता. आम्ही तीन भेटी केवळ एवढ्यावर घालवल्या की साहेबांना नेमके कोणते वाक्य म्हणायचे, कोणत्या वेळी म्हणायचे आणि ते चिडले तर दुसरे वाक्य कोणते. तक्रार नाही, उपदेश नाही, इतरांची नावे नाहीत. जेवढे तपासले तेवढ्याचेच आकडे मी लिहीन, वीस हवे असतील तर एक माणूस वाढवून द्या, एवढेच.

त्यांनी ते एका मंगळवारी सांगितले. साहेबांनी आधी हसण्यावारी नेले, मग दोन महिने यांना रात्रपाळी लावली. त्या दोन महिन्यांत त्यांनी मला एकदाच फोन केला, आणि तोही रडवेल्या आवाजात, कारण राजाचे ऐकल्यावर मन शांत होईल अशी त्यांची समजूत होती आणि मन मुळीच शांत नव्हते. पोटात गोळा होता, सहकारी टाळत होते, बढतीची आशा गेली होती. मी त्यांना विचारले की पहाटे तीनला जाग येते का. ते म्हणाले, "तीनला मी भट्टीवरच असतो, ताई," आणि आम्ही दोघेही हसलो.

आता ते पुन्हा पहिल्या पाळीत आहेत. माणूस वाढवून मिळालेला नाही. ते सर्टिफिकेटवर सहीच्या आधी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहितात, 'प्रत्यक्ष तपासलेले नग: ५'. ग्राहक कंपनीने एकदा त्यावरून लॉट परत पाठवला. एकदा काहीच न बोलता ठेवून घेतला. त्या ओळीवरून साहेबांशी त्यांचा वाद अजून चालू आहे, आणि मागच्या आठवड्यात ते मला विचारत होते की पुढच्या उज्जीवन सभेला गेले नाही तर चालेल का, कारण त्या शनिवारी बायकोला घेऊन पन्हाळ्याला जायचे आहे.