रात्री काय करायचं, हे तू एकटीनेच का ठरवायचं?

ताई,
मी कोथरूडला राहते, हिंजवडीला नोकरी करते. घरी पोचायला साडेसात, कधी आठ वाजतात. घरात नवरा, नववीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही, पण त्यांना सव्वाआठपर्यंत गरम जेवण लागतं. नवरा खराडीहून नऊच्या सुमारास येतो. मी सव्वापाचला उठून सगळ्यांचे डबे करते, झोपायला साडेअकरा होतात. संध्याकाळी पुन्हा भाजी, पोळी, आमटी, भात करायचं त्राणच उरत नाही. मग खिचडी, नाहीतर बाहेरून मागवायचं, आणि मागवलं की अपराधी वाटतं. मागच्या मंगळवारी मुलगा म्हणाला, “आजपण खिचडीच?” सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी रात्री सगळं ताट असायचं.” मी कुकर तसाच ठेवून आत जाऊन रडले. लवकर होईल आणि सगळ्यांना आवडेल असं काही सुचवा. आणि माझं नक्की काय चुकतंय, तेही सांगा.
— एक थकलेली वाचक

अगं,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुझं काहीही चुकत नाहीये. सकाळी एक पूर्ण स्वयंपाक, मग प्रवास, नोकरी, परत प्रवास आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या दुसरा पूर्ण स्वयंपाक. झोप सहा तासही नाही. मंगळवारी तुला रडू आलं ते या सगळ्याचं होतं, खिचडीचं निमित्त झालं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात नवऱ्याबद्दल एकच वाक्य आहे, तो नऊला येतो एवढंच. रात्री काय करायचं, घरात टोमॅटो आहेत का, कणीक मळलेली आहे का, धाकटी काय खाईल, सासूबाईंना काय सोसेल, हा सगळा हिशोब वाकडच्या सिग्नलला अडकलेली असताना तू एकटी करत असतेस. गॅस पेटवायच्या आधीच तू थकलेली असतेस ती यामुळे. म्हणून पदार्थ सांगतेच, पण नुसत्या पदार्थांनी तुझी संध्याकाळ सुटणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे रात्रीचं चौरस ताट सोमवार ते शुक्रवार सोडून दे. सगळ्यांच्या पोटात डब्यातली पोळी-भाजी गेलेलीच असते. रात्री एक गरम पदार्थ, एक कच्ची कोशिंबीर किंवा नुसती चिरलेली काकडी-गाजर, आणि सोबत दही, चटणी, पापड यांपैकी काहीतरी. एवढं जेवण पुरतं. खिचडीला कमी लेखू नकोस. तांदळात लायसिन कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत मेथिओनिन कमी असतं ते तांदळातून मिळतं. म्हणून डाळ-तांदूळ एकत्र खाल्ले की प्रथिनं चांगली मिळतात. आपल्या आज्या मेतकूट-भातापासून वरण-भातापर्यंत हेच भरवत आल्या.

मुलाचं म्हणणं मात्र खरं आहे. तीच चव आठवड्यातून तीनदा आली की कुणीही कंटाळेल. चव बदलायला वेळ फार लागत नाही, तयारी लागते, आणि ती तयारी रविवारी होऊ शकते.

रविवारी एकदाच कांदा-खोबऱ्याचं वाटण कर. चार मोठे कांदे उभे चिरून तेलावर लालसर परतायचे, वाटीभर सुकं खोबरं वेगळं भाजायचं, त्यात मूठभर लसूण आणि दोन इंच आलं घालून पाणी कमीत कमी ठेवून वाटायचं. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला टाक. गोठलं की वड्या काढून डब्यात ठेव, दोन-तीन आठवडे चालतात. उसळ असो, अंडाकरी असो की शेवभाजी, दोन-तीन वड्या तेलात परतल्या की अर्धं काम झालं. शेंगदाण्याचं कूट बरणीभर करून ठेव. लसणाची, तिळाची किंवा कारळाची एखादी कोरडी चटणी घरात असू दे. चांगला गोडा मसाला विकत आण, घरी करायचा हट्ट यंदा धरू नकोस.

आता खिचडीच घे. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, चार वाट्या गरम पाणी. थंड पाणी घातलंस तर कुकरला वाफ धरायलाच वेळ जातो, म्हणून शेजारच्या गॅसवर पाणी तापत ठेव. तांदूळ इंद्रायणी घेतलास तर खिचडी मऊ, थोडी चिकट होते. मावळातला हा तांदूळ आंबेमोहोराच्या कुळातला, म्हणून त्याला वास असतो. एका सोमवारी यात गोडा मसाला, मटार आणि वरून ओलं खोबरं-कोथिंबीर. पुढच्या सोमवारी नुसती हळद-मीठ घालून शिजव आणि जेवायला बसताना वरून फोडणी दे: कढल्यात दोन चमचे तूप, जिरं, हिंग, लसणाचे पातळ काप तांबूस होईपर्यंत, दोन सुक्या मिरच्या, मग गॅस बंद करून अर्धा चमचा तिखट. तिखट गॅस बंद केल्यावरच घालायचं, नाहीतर जळून कडू होतं. तिसऱ्या सोमवारी पालक बारीक चिरून आणि टोमॅटो. सोबत एकदा कढी, एकदा भाजलेला पापड आणि लिंबाचं लोणचं. तिन्ही वेळा कुकर एकच, पण मुलाला चव वेगळी लागेल.

तुझ्या घरासाठी मला सगळ्यात योग्य वाटतात त्या चकोल्या, म्हणजे वरणफळं. सासूबाईंना भरल्या ताटाचं समाधान मिळेल आणि तुला एकच पातेलं घासावं लागेल. सकाळी डब्याच्या पोळ्या करताना दोन मुठी कणीक जास्त मळून फ्रीजमध्ये ठेव. तुरीची डाळही सकाळीच शिजवून, कोमट झाली की फ्रीजमध्ये टाक. संध्याकाळी मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, ठेचलेला लसूण अशी फोडणी, त्यात घोटलेली डाळ, गोडा मसाला, तिखट, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. आमटीपेक्षा बरंच पातळ ठेव, कारण कणकेचे तुकडे पाणी पितात. खळखळून उकळी आली की जाडसर पोळी लाटून शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापायचे आणि एकेक करून सोडायचे, सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. आठ-दहा मिनिटं शिजू दे. वाढताना तूप सढळ हाताने.

मटकीची उसळ गुरुवारी ठेव. मंगळवारी रात्री मटकी भिजत घालायची, बुधवारी सकाळी फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत छान मोड येतात, पुण्याच्या डिसेंबरात मात्र दुसरा दिवस उजाडतो. गुरुवारी वाटणाच्या वड्या, कांदा, मसाला, मटकी आणि झाकण. दहा-पंधरा मिनिटांत उसळ. थोडी जास्तच कर. शुक्रवारी तीच पातळ करून वर फरसाण, कांदा, लिंबू आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतले पाव. मुलं शुक्रवारची वाट बघतील. शिवाय गुरुवारी पाणी बंद असण्याची सूचना आपल्याकडे अधूनमधून येतेच, त्या दिवशी एका कढईतलं जेवण सोयीचं पडतं.

आणि ज्या दिवशी ओट्यापाशी उभं राहवतही नाही, त्या दिवशी उकड. वाटीभर तांदळाचं पीठ, वाटीभर आंबट ताक आणि दोन वाट्या पाणी गुठळ्या मोडून कालवायचं. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, भरपूर लसूण, कढीपत्ता यांच्या फोडणीवर ओतून ढवळत राहायचं, घट्ट झालं की झाकण ठेवून दोन वाफा. वर कच्चं तेल. दात दुखणारी, पोट बिघडलेली, दमलेली, सगळी माणसं हे खातात. पिठलं-भात तर तुला सांगायला नकोच.

पोळ्यांचं काय, असं तू विचारशील. पोळ्या बाहेरून घे. कोथरूडमध्ये पोळी-भाजी केंद्रं किती आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तिथे पोळ्या लाटणाऱ्या बायका ताज्या, घरच्यासारख्या पोळ्या करतात, त्यांना रोजगार मिळतो, तुझा अर्धा तास वाचतो. यात कमीपणा कसला?

सकाळीच भात करून ठेवायचा विचार करत असशील तर मात्र जप. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते भात शिजवतानाच्या उकळीतही टिकतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यांची वाढ होऊन विष तयार होतं, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. केलाच तर पसरट भांड्यात लवकर निववून तासाभरात फ्रीजमध्ये ठेव, रात्री वाफ येईपर्यंत गरम कर.

आता माणसांबद्दल.

सासूबाईंच्या बोलण्याने तू दुखावलीस, ते साहजिक आहे. पण मला त्या वाक्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. ज्या बाईने अनेक वर्षं घराला जेवू घातलं, तिला आता दिवसभर घरात बसून तुझ्या येण्याची वाट बघावी लागते. तिच्या हाताला स्वयंपाकघरात जागाच उरलेली नाही. उभं राहवत नसेल, पण बसून लसूण सोलता येतो, मेथी निवडता येते, शेंगदाणे सोलता येतात, कडधान्य कधी भिजत घालायचं ते ठरवता येतं. त्यांना “मदत करा” असं म्हणू नकोस. “आई, गुरुवारची उसळ तुमच्याकडे. काय भिजवायचं, मसाला कोणता, तुम्ही सांगा, फोडणी मी देते,” असं म्हण. आणि चकोल्या पहिल्यांदा त्यांना विचारूनच कर.

नववीतला मुलगा कुकर लावू शकतो. तू वाकडला पोचलीस की फोन कर, त्याने डाळ-तांदूळ धुऊन भिजत घालायचे. महिनाभरात तो शिट्ट्याही मोजेल. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, एवढं पहिल्या दिवशीच बजाव. “आजपण खिचडीच?” हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला शनिवारचा पदार्थ ठरवायचा आणि तुझ्यासोबत करायचा मान दे. धाकटी ताटं-पाणी घेऊ शकते, काकडी किसू शकते.

नवऱ्याशी मात्र सरळ बोल, आणि थकलेल्या मंगळवारी रात्री बोलू नकोस. रविवारी चहाच्या वेळी कागद घेऊन बस. आठवड्याची पाच जेवणं लिहा. त्यातली दोन पूर्णपणे त्याची. पूर्णपणे म्हणजे काय करायचं ते ठरवणं, सामान आहे का बघणं, आणणं आणि तयार ठेवणं. तो नऊला येतो, म्हणून त्या दोन दिवसांचं त्याला सकाळी किंवा आदल्या रात्री करून ठेवावं लागेल. उठू दे त्यालाही सव्वापाचला. अंडी चालत असतील तर अंडाकरी सोपी आहे, नाहीतर छोले किंवा राजमा. तो करत असताना तू स्वयंपाकघरात जाऊ नकोस. मीठ कमी पडलं, ओटा पुसायचा राहिला, तरी त्या दिवशी बोलू नकोस. आपल्या बायकांना हे फार जड जातं, मला माहीत आहे. पण प्रत्येक वेळी दुरुस्त केलं की तो पदार्थ पुन्हा आपल्याच माथी येतो.

रोज सगळ्यांनी नऊपर्यंत थांबायची गरज नाही. सासूबाई, मुलं आणि तू सव्वाआठला गरम गरम जेवा. तो आल्यावर स्वतःचं गरम करून घेईल, तू त्याच्याजवळ हवं तर बस. सगळ्यांनी एकत्र जेवायला शनिवार-रविवार आहेत.

बाहेरून मागवण्याचं म्हणशील, तर आठवड्यातला एक दिवस ठरवून मागव आणि आनंदाने खा. भूक अनावर झाल्यावर मागवलं की काहीतरी तेलकट येतं आणि वर रुखरुख लागते. आधी ठरवलेलं असलं की निवडही बरी होते.

एक गोष्ट मनापासून सांगते. कामाचा भार वाटला गेल्यावरही रडू येत राहिलं, झोप लागेनाशी झाली, आवडती गोष्टही नकोशी वाटू लागली, तर तुमच्या डॉक्टरांना जाऊन भेट. रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडची गडबड असली तरी असाच थकवा येतो, आणि आपण तो वर्षानुवर्षं अंगावर काढतो. समुपदेशकाशी बोलावंसं वाटलं तर तेही कर.

सगळं एकदम सुरू करू नकोस. येत्या रविवारी वाटण वगैरे राहू दे, फक्त तो कागद लिहा आणि नवऱ्याचे दोन वार त्यावर त्याच्याच हस्ताक्षरात येऊ देत. पुढच्या रविवारी वाटण. महिन्याभराने मला पुन्हा लिही, कुठे अडलं ते सांग. आणि सासूबाईंनी चकोल्यांचं त्यांचं प्रमाण सांगितलं, तर तेही पाठव.

तुझी,
ताई