रात्रीच्या लाळेचं कॉर्टिसॉल: नळीवरची वेळ सोडू नका

तुमची पोस्ट वाचली. बायकोचं पोट आणि चेहरा सुटलाय, हातपाय मात्र काटकुळे, पोटावर जांभळट पट्टे, जिना चढताना मांड्यांत जोर नाही. डॉक्टरांनी रात्री अकरानंतरची लाळ तपासायला सांगितलीय आणि कलेक्शन सेंटरवाले म्हणतात, सकाळी उपाशीपोटी या. मी स्वतः कुशिंगची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हा स्टेरॉइड हार्मोन फार वाढण्याच्या आजाराची पेशंट आहे, म्हणून लिहितेय. डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सकाळी लाळ अजिबात देऊ नका. सकाळी कॉर्टिसॉल सगळ्यांचंच वर असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. कुशिंगमध्ये हा रात्रीचा उतारच राहत नाही, आणि तोच तर पकडायचा असतो.

माझ्या बाबतीत लाळ बरोबर वेळेला दिली होती. अकरा वाजून गेल्यावर कापसाची गुंडाळी तोंडात घोळवली, नळीत टाकली, झाकण लावलं, फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी नवऱ्याने सेंटरवर नेऊन दिली. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये नळी मिळाल्याची वेळ टाकली आणि रिपोर्टवर तीच 'नमुना घेतल्याची वेळ' म्हणून छापून आली. शेजारी नॉर्मल रेंज छापली ती सकाळची. रात्रीच्या मानाने आकडा भलताच जास्त होता, पण सकाळच्या रेंजमध्ये आरामात बसला. ना ठळक अक्षर, ना बाण. रिपोर्ट नॉर्मल म्हणून मला चालायला जा, भात कमी करा एवढंच सांगितलं गेलं. त्या काळात बीपी चढलं, साखर चढली, पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. पुढे एंडोक्रिनॉलॉजिस्टनी (हार्मोनच्या डॉक्टरांनी) जुनी फाइल चाळताना विचारलं, "ही लाळ नक्की किती वाजताची?" तेव्हा उलगडा झाला. लॅबला कळवलं तर उत्तर आलं, सिस्टीममध्ये तसंच येतं. अजून संताप होतो. ज्या तपासणीचा सगळा अर्थ वेळेत आहे, तिची वेळच चुकीची लिहायची आणि वर खांदे उडवायचे!

म्हणून नळीवर आणि फॉर्मवर तारीख-वेळ स्वतः पेनने लिहा, दोन्हींचा फोटो काढा. पावतीवर वेळ चुकली असेल तर काउंटरवरून हलू नका. रिपोर्टमध्ये रात्रीची रेंज नसेल तर मागून घ्या, आणि ती त्याच लॅबची हवी. पद्धतीप्रमाणे रेंज बदलते. एका रात्रीवर भागवू नका. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोन-तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांतही किमान दोन नमुने सांगितलेत.

लाळ देण्याआधी अर्धा तास खाणं-पिणं, ब्रश काही नको. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तो दिवस सोडा. घशासाठी ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर डॉक्टरांना सांगून आधीच बंद करा, त्याने लाळेतलं कॉर्टिसॉल खोटं वाढतं. तंबाखूचंही तेच. खाजेची मलमं, दम्याचा पंप, कुणी दिलेली सांधेदुखीची बिननावाची पुडी, सगळं डॉक्टरांना दाखवा. बाहेरून गेलेलं स्टेरॉइड हेच कुशिंगचं सगळ्यात मोठं कारण आहे. पण असं काही सापडलं तर एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं.

दिवसभरात चार नळ्या घेऊन 'तुमचा ताण मोजतो' म्हणणारी पॅकेजेस मिळतात. माझ्या मते पैसे पाण्यात. त्यावरून 'अॅड्रिनल थकवा' (कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी थकल्या) म्हणून जे निदान देतात, ते एंडोक्रिनॉलॉजिस्ट आजार म्हणून मानतच नाहीत.

आणि एक. तुमच्या मिसेस नर्स आहेत आणि नाइट ड्यूटी फिरती आहे, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ते आधी डॉक्टरांना सांगा. झोपेची वेळ उलटसुलट असली की मध्यरात्रीच्या लाळेवर भरवसा ठेवता येत नाही. त्याऐवजी रात्री 1 मिग्रॅ डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड औषध) देऊन सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल मोजण्याची तपासणी करता येईल का, विचारा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही त्याच वेळी सांगा, कारण त्या गोळ्यांनी रक्तातला आकडा फुगतो.