ओळ दाखव

सोलापूर, रविवार सकाळ

चि. कवीस,

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा लांबलचक निरोप सकाळी चहाबरोबर वाचला. कवितेसाठी जागला असतास तर मला बरं वाटलं असतं. तू जागलास ते तुमच्या कवींच्या समूहातल्या एका ज्येष्ठ ताईंच्या कवितेखाली ‘तिसरं कडवं सैल वाटलं’ असं लिहून बसलास म्हणून. त्यावर ॲडमिननी तुला खासगीत कळवलं, ‘आपण इथं एकमेकांना प्रोत्साहन देतो, टीका नको.’ तेव्हापासून तुझ्या कवितेकडे कुणी फिरकत नाही. आणि तू मला विचारतोस, ‘काका, माफी मागू का?’

मागू नकोस. पण तू फार मोठं खरं बोललास आणि बाकीचे सगळे खोटे, असंही समजू नकोस. अरे, तू खरं तरी कुठं बोललास? ‘सैल वाटलं’ म्हणजे काय? कडव्याला चार ओळी. चारही सैल? एकच सैल? शब्द सैल, वृत्त सैल, की विचारच सैल? त्या बाईंनी तुझ्या अभिप्रायाचं करायचं काय? इतरांनी ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘वाह ताई’ लिहिलं, तू ‘सैल’ लिहिलंस. कविता वाचल्याचा पुरावा कुणीच दिलेला नाही.

कौतुक कर, दोष काढ, माझी कशालाच हरकत नाही. फक्त ओळ दाखव.

तू पाठवलेली ती कविता मी मोठ्यानं वाचली. भुजंगप्रयात आहे, मनाच्या श्लोकांचं वृत्त, लगागा (लघु, गुरू, गुरू) चार वेळा. त्या कडव्यात त्या लिहितात, ‘तुझ्या अंगणी मी उभी राहिलेली’, आणि पुढं, ‘तुझी सावली ही कशी वाढते ही’. आता पहिली ओळ बघ. ओळ संपते, पण उभं राहणं संपत नाही, वाक्य तसंच लोंबत ठेवलंय. बाईंनी हे जाणून केलं असेल वा नसेल, जमलंय खरं. दुसरीत ‘ही’ दोनदा आलाय. त्यातला एक निव्वळ भरतीचा, लगागा भरून काढायला घातलेला. ‘तुझी सावली रोज का वाढते ही’ म्हटलं तर वृत्त शाबूत राहतं, एक ‘ही’ जातो आणि त्याच्या जागी दिवसामागून दिवस येतात. हे तुला लिहिता आलं असतं. चार मिनिटांचं काम होतं. रात्री दीडपर्यंत तळमळण्यापेक्षा कमीच वेळ लागला असता.

आता तुझ्या कवितेकडे येतो. आई बिड्या वळते, त्या कवितेकडे. तिच्याखाली ‘निःशब्द’चा ढीग लागला, तेव्हा तू मला आनंदानं फोन केला होतास. मी ‘बघू’ म्हणालो आणि तुझा आवाज उतरला. त्या कवितेत दोन ओळी आहेत: ‘आईच्या बोटांना तंबाखूचा वास, / माझ्या वह्यांनाही तोच.’ या ओळी मला पाठ झाल्यात. मुद्दाम पाठ केल्या नाहीत, राहिल्या. आणि शेवटच्या कडव्यात काय आहे? ‘हे माते, तुझ्या कष्टांना कोटी कोटी प्रणाम.’ सुपात पानं घेऊन बसलेली तुझी आई त्या कडव्यातून उठून गेली आणि तिथं कॅलेंडरवरची कुणीतरी येऊन बसली. लोक ‘निःशब्द’ झाले ते कशावर? वहीच्या वासावर की कोटी प्रणामावर? तुला माहीत नाही. मलाही नाही. त्यांनाही नसेल. म्हणून तू पुढच्या कवितेत वास सोडलास आणि प्रणाम तेवढा ठेवलास. ‘अप्रतिम’नं असं नुकसान होतं. चांगल्या ओळीचं श्रेय वाईट ओळ घेऊन जाते.

तेव्हा तू चिडून म्हणाला होतास, ‘तुम्ही पण चेकरसारखी छाट काढता.’ लागलं मला ते. पण बिड्या तपासणारा चेकर छाट काढतो, म्हणजे बिड्या नाकारतो, ती हजारीतून, हजार बिड्यांच्या मजुरीतून, पैसे कापायला, आणि कोणती बिडी का काढली हे तुझ्या आईला सांगतही नाही. मी तुझं काय कापलं? मी ओळ दाखवली.

आपल्या गावात हे नवीन नाही. तू पूर्व भागातला, तुला मुशायरे माहीत आहेत. उर्दूत शागीर्द आपला कलाम, म्हणजे आपली रचना, उस्तादाकडे दुरुस्तीला न्यायचा, त्याला इस्लाह म्हणतात. उस्ताद एखादा शब्द खोडून दुसरा लिहायचा आणि जो शेर पसंत पडेल त्याच्यावर ‘स्वाद’ हे उर्दू लिपीतलं अक्षर काढायचा. साऱ्या गझलेवर शेरा नाही, फक्त त्या शेरावर एक खूण. बाकीचे शेर कोरे. शागिर्दाला कळायचं काय ते. मराठीत सुरेश भटांनी नव्या मंडळींसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, तीही पाठ थोपटायला नव्हे. रदीफ म्हणजे काय, काफिया म्हणजे यमक कसं जुळवायचं, त्याआधीचा सारखा स्वर, म्हणजे अलामत, कुठं सुटते, हे सांगायला. माणूस आपल्यासाठी बसून हे लिहितो, यापेक्षा मोठं प्रोत्साहन कोणतं रे?

तुमच्या समूहाला मी नावं ठेवत नाही. कवींनी एकमेकांना धरून राहावं, यात गैर काय? पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, रानडे पतिपत्नी. रविवारी जमायचे, चहा घ्यायचे, एकमेकांना कविता म्हणून दाखवायचे. लोकांनी त्या चहाचीही टिंगल केली. १९२५ साली अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ काढून त्यांची भरपूर विडंबनं केली. पण एक लक्षात घे. विडंबन करायचं तर मूळ कवितेची ओळ न् ओळ वाचावी लागते, तिची लकब जिभेवर घोळवावी लागते. अत्र्यांनी ती वाचली होती. तुझ्या समूहात तुझं विडंबन करू शकेल इतकं तुला वाचलेला एक तरी माणूस आहे का? असला तर त्याला धरून ठेव, शत्रू असला तरी.

मला असा माणूस वेळेवर भेटला नाही. छापखान्यात मी आयुष्यभर दुसऱ्यांची प्रुफं तपासली, हे तुला माहीत आहे. माझा एकमेव संग्रह मी पदरच्या पैशानं काढला, हेही माहीत आहे, कारण तूच माळ्यावरून ते गठ्ठे खाली उतरवलेस. प्रकाशनाला हॉल भरला होता. जो तो ‘अप्रतिम’ म्हणाला. तेव्हा समूह नव्हते, पण ‘अप्रतिम’ होतंच. त्या संग्रहातल्या निम्म्या कविता दुसऱ्याच कवींच्या चालीवर उभ्या होत्या, आणि हे दिसत असणारी निदान तीन माणसं पहिल्या रांगेत बसली होती. एकानंही मला बाजूला घेऊन पान उघडून दाखवलं नाही. मला राग दोष न सांगितल्याचा नाही. त्यांनी मला वाचण्याच्या लायकीचं समजलं नाही, याचा आहे.

पुढं किती तरी वर्षांनी एका जुन्या वाचनालयात माझीच प्रत हाती आली. कुणीतरी एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि दुसऱ्या पानावर एका ओळीपुढं प्रश्नचिन्ह. (वाचनालयाच्या पुस्तकावर रेघा मारू नयेत, हे माझंही मत आहे.) प्रश्नचिन्ह बरोबर होतं. ती ओळ मी आजही दुरुस्त करू शकलेलो नाही. पण त्या अनोळखी माणसानं मला जेवढं दिलं, तेवढं त्या भरल्या हॉलनं दिलं नाही.

आता तुझ्या कानावर येईलच म्हणून आधी मीच सांगतो. आमच्या मासिक बैठकीत एक बाई यायच्या, मोत्यासारखं अक्षर, बरं लिहायच्या. मी त्यांच्या कवितेतल्या पाच ओळी दाखवल्या आणि त्या पुढच्या महिन्यापासून आल्या नाहीत. ‘तुम्ही तिची कविता मारली’ असं मला अजून ऐकवतात. मी मारली? पाचपैकी दोन ओळी मी चांगल्या म्हणून दाखवल्या होत्या, हे कुणी सांगत नाही. त्या का थांबल्या, हे त्यांना कुणी विचारलंही नाही. मीही नाही, ते सोड. मी माझं धोरण बदललं नाही आणि बदलणार नाही. मला तुमच्या समूहातूनही काढलं, मी सोडला नाही. कारण सांगितलं गेलं ‘वातावरण बिघडतं’. असो. तुझ्याबद्दल लिहायचं होतं.

कविता राहते म्हणजे तरी काय राहतं, विचार कर. कवी कुंजविहारी आपल्या गावचे. त्यांच्या कवितेतला फाशी जाणारा तरुण आईला सांगतो, भेटेन नऊ महिन्यांनी. ज्या सोलापुरानं १९३० साली इंग्रजांचा मार्शल लॉ पाहिला, ज्यातले चार जण १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले, तिथं या तीन शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. माझ्या आजीला ती कविता पुरी येत नव्हती. तेवढी ओळ यायची, आणि ती म्हणताना ती मध्येच थांबायची. तिनं ‘अप्रतिम’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा आता काय करायचं? त्या ताईंना खासगीत लिही, समूहावर नको. आधी ‘उभी राहिलेली’ची ओळ दाखव, का आवडली ते लिही. मग ‘ही’ दाखव. दुरुस्ती सुचवलीस तर ‘असंही होऊ शकेल’ इतकंच म्हण. कविता त्यांची आहे. त्या रागावल्या तर रागावल्या. पुढं कुणाच्याही कवितेत एक ओळ सापडली तर ती उचलून खाली लिही, शेजारी दोन शब्द. नाही सापडली तर गप्प बस. गप्प बसायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांनी माझ्याला ‘वाह’ म्हटलं म्हणून मी त्यांच्याला ‘वाह’, हा धंदा बंद कर. समूहाच्या सन्मानपत्रांचं काय करायचं ते तुझं तू बघ. घरच्यांना आवडत असतील तर भिंतीवर लाव, माझं काही जात नाही.

आणि ते ‘माझं मराठी शुद्ध नाही, घरी तेलुगू’ हे रडगाणं पुन्हा ऐकवू नकोस. २००६ ला इथं साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली याच गावात जन्मले. त्यांच्या आडनावाकडे बघ आणि मग त्यांचं मराठी वाच. तुझ्या आईच्या तोंडचे शब्द कवितेतून पुसून टाकशील तर मी खरंच छाट काढीन.

पुढच्या रविवारी दहाला ये. समूहावर टाकलेली नको, न टाकलेली वही आण. पेन नको, पेन्सिल आण. माझ्या नव्या दोन कविता आहेत. त्यातली कोणती ओळ चालत नाही, ते तू मला दाखवायचंस. ‘छान आहेत काका’ म्हणालास तर चहा मिळणार नाही.

तुझा,
काका

ता. क. निरोपात शेवटी ‘आर्शिवाद असू द्या’ लिहिलंयस. रफार ‘वा’वर येतो. आशीर्वाद.